नत्राचा हिशेब कोण देणार?

मानखुर्द स्थानक सोडून हार्बर मार्गाची गाडी वाशीच्या पुलाकडे वळली, की डब्यातील निम्मी माणसे खिडकीबाहेर पाहतात आणि उरलेली नाकाला रुमाल लावतात. हिवाळ्याचे दिवस असतील आणि ओहोटी लागलेली असेल, तर काळ्याशार चिखलावर रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे उतरलेले दिसतात. त्या गुलाबी रंगाची छायाचित्रे लोक हौसेने घरी नेतात. चिखलाच्या काळ्या रंगाची चौकशी मात्र कोणी करीत नाही. १९९२ साली या पुलावरून रेल्वे धावू लागली, तेव्हापासून एक अख्खी पिढी दिवसातून दोनदा ही खाडी ओलांडीत आली आहे. ज्या पाण्यावरून आपण जातो, त्या पाण्यात आपल्याच घरांतून निघालेले काय जाऊन पडते, हा प्रश्न आज आम्ही पहिल्या पानावर विचारीत आहोत. मलनिःसारण खात्याची बाब म्हणून आतल्या पानाच्या कोपऱ्यात ढकलण्याजोगा तो आता राहिलेला नाही.

मैलापाणी घाण असते, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. पण ती घाण दोन जातींची असते, हे मात्र सांगावे लागते. एक सेंद्रिय द्रव्य. अन्नाचे कण, विष्ठा, तेल, साबण या सर्वांतून आलेले हे द्रव्य कुजते आणि कुजताना पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकते. दुसरा नत्र. मूत्रातील युरिया आणि डाळी, मासे, मांस यांतील प्रथिने यांच्यातून तो येतो आणि गटारातून वाहता वाहताच बराचसा अमोनियाचे रूप घेतो. पहिली घाण डोळ्यांना दिसते, नाकाला कळते. दुसरी सहजी कळत नाही. सेंद्रिय द्रव्य काढून टाकलेले पाणी काचेच्या पेल्यात धरले, तर ते विहिरीच्या पाण्यासारखे नितळ दिसू शकते आणि तरीही त्यातील बहुतेक नत्र जागच्या जागी असू शकतो. आपली सारी गफलत इथे झाली आहे. नितळ म्हणजे शुद्ध, असे मानून या शहराने कित्येक दशके घालविली.

नत्र खाडीत गेला तर बिघडते काय? अमोनिया माशांना विषारी आहे. पाणी जितके उष्ण, तितका तो अधिक घातक. त्याचे रूपांतर खाडीतले जंतू करू लागले, की ते त्यासाठी पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात. उरलेला नत्र शेवाळाचे खत होतो. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते खरे, पण रात्री तेच तो घेऊ लागते, आणि मेल्यावर कुजून उरलासुरला संपविते. मोकळ्या समुद्रात हे सारे पांगते. ठाण्याची खाडी म्हणजे मोकळा समुद्र नव्हे. सुमारे २६ किलोमीटर लांबीची ही खाडी उत्तरेकडे चिंचोळी होत जाते. तिच्या वरच्या भागातले पाणी ओहोटीबरोबर निघते, पण समुद्र गाठण्यापूर्वीच पुढची भरती त्याला मागे लोटते. वरळी आणि वांद्रे येथील मैलापाणी निदान तीन-साडेतीन किलोमीटर आत समुद्रात नेऊन सोडण्याची सोय १९९९ आणि २००३ साली झाली. पूर्व उपनगरांच्या वाट्याला तसा समुद्र नाही. त्यांच्या वाट्याला खाडी आहे, आणि त्या खाडीच्या काठी तुर्भे-मानखुर्दचे कोळीवाडे आहेत. बोईट, जिताडा, निवट्या, कोळंबी, चिंबोरी यांवर ज्यांचे पोट, त्यांना प्राणवायूचे मिलिग्रॅम कोणी शिकवावे लागत नाहीत; जाळे वर आले की त्यांना ते कळतात.

आता थोडा आकड्यांचा हिशेब करू. घाटकोपरच्या नव्या केंद्राची नियोजित क्षमता दिवसाला ३३ कोटी ७० लाख लिटर आहे. लिटरमागे एक मिलिग्रॅम म्हणजे या केंद्रापुरते रोजचे ३३७ किलो. मैलापाण्यात लिटरमागे ४० मिलिग्रॅम नत्र धरला, आणि घरगुती मैलापाण्यासाठी हा अंदाज काही अतिरेकी नव्हे, तर रोज साडेतेरा टन नत्र एकट्या घाटकोपरात येईल. तो लिटरमागे १० मिलिग्रॅमवर आणला, तर रोज दहा टन नत्र खाडीत जायचा वाचेल. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर दहा टन नत्र म्हणजे ४५ किलोंच्या युरियाच्या पाचशेच्या आसपास गोण्या. रोज सकाळी कोणी ट्रक घेऊन वाशीच्या पुलावर यावे आणि पाचशे गोण्या युरिया खाडीत रिकामा करावा, तर पोलीस त्याची गचांडी धरतील. तोच नत्र नळातून सोडला, की त्याला नगरव्यवस्था म्हणतात!

कायद्याने या बाबतीत जी धरसोड केली, ती मुद्दाम सांगण्यासारखी आहे. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांच्या सहाव्या परिशिष्टात सांडपाण्याच्या सर्वसाधारण मर्यादा आहेत. किनाऱ्यालगतच्या समुद्रात सोडायच्या पाण्यात अमोनियाच्या रूपातील नत्राला लिटरमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत, आणि अमोनिया व सेंद्रिय नत्र मिळून १०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा त्यांत दिली गेली. म्हणजे घरांतले मैलापाणी गटारातून जसेच्या तसे आणून ओतले, तरी नत्रापुरते ते बहुधा कायद्यात बसावे. परीक्षेत नापास होणे अशक्य व्हावे, असा हा पेपर होता. २०१५ साली केंद्र सरकारने मैलापाणी केंद्रांसाठी वेगळ्या निकषांचा मसुदा काढला. त्यात एकूण नत्राला लिटरमागे १० मिलिग्रॅमची मर्यादा होती. २०१७ च्या ऑक्टोबरात अंतिम अधिसूचना निघाली, तेव्हा महानगरांसाठी सेंद्रिय द्रव्याची मर्यादा, म्हणजे ज्याला बीओडी म्हणतात तो आकडा, १० चा २० झाला आणि नत्राचा रकाना गळून पडला. अखेर ३० एप्रिल २०१९ रोजी राष्ट्रीय हरित लवादाने महानगरांसाठी बीओडी १० वर आणला आणि एकूण नत्राची १० मिलिग्रॅमची मर्यादा पुन्हा घातली. चार वर्षांत नत्र आला, गेला आणि पुन्हा आला. खाडीत मात्र तो एक दिवसही खंड न पडता येतच होता.

घाटकोपर आणि भांडुप येथील जुन्या केंद्रांत मैलापाणी मोठ्या तळ्यांत घेऊन त्यात यंत्राने हवा खेळविली जाई. सेंद्रिय द्रव्य कमी करण्याचे ते साधन होते. नत्र काढण्याची योजना त्यांत केलेली नव्हती. आता वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप आणि वर्सोवा अशा सात ठिकाणी मिळून दिवसाला सुमारे २४६ कोटी लिटर क्षमतेची नवी केंद्रे उभारण्याचे ठरले, आणि २०२३ च्या जानेवारीत पंतप्रधानांच्या हस्ते त्यांची पायाभरणी झाली. खर्चाचा आकडा हजारो कोटींचा आहे. एवढा पैसा ओतून जे उभे राहील, त्याचे मोल कशावरून ठरवायचे, हे करदात्याने समजून घेतले पाहिजे. आणि ते समजून घ्यायचे तर जंतूंच्या राज्यात थोडा फेरफटका मारणे भाग आहे.

जंतू म्हटले की आपल्याला पटकी आणि विषमज्वर आठवतो. परंतु मैलापाणी शुद्ध करणारा मुख्य कामगारही जंतूच. १८७७ साली श्लोसिंग आणि म्युंत्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून मैलापाणी हळूहळू झिरपू दिले. पहिले काही दिवस अमोनिया जसाच्या तसा खाली उतरला. सुमारे तीन आठवड्यांनी त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच हे रूपांतर थांबले. क्लोरोफॉर्मने दगड-वाळूला भूल पडत नाही. ज्याला पडली ते काहीतरी सजीव होते. १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने ते जंतू वेगळे करून दाखविले. हे जंतू मोठे विरक्त. सेंद्रिय अन्नाला ते शिवत नाहीत. अमोनिया हेच त्यांचे इंधन. पण त्यांना प्राणवायू भरपूर लागतो आणि त्यांची वाढ संथ असते. मैलापाण्यात सेंद्रिय द्रव्य मुबलक असेपर्यंत ते खाणारे दुसरे जंतू झपाट्याने वाढतात, प्राणवायू तेच पळवितात, आणि या संथ मंडळींना वाव मिळत नाही. म्हणून त्यांना टाकीत पुरेसे दिवस राहू द्यावे लागते. युरोपातील थंडीत त्यांचे काम मंदावते. आपल्या मुंबईचा उकाडा त्यांना मानवतो. निसर्गाने फुकट दिलेल्या या सवलतीचा उल्लेख आमच्या अंदाजपत्रकांत कधी आढळत नाही.

येथपर्यंत नत्राने फक्त वेष बदलला. अमोनियाचा तो नायट्रेट झाला. त्याला पाण्यातून बाहेर घालविण्याचे काम तिसऱ्या जातीच्या जंतूंचे. हवा बंद असलेल्या टाकीत प्राणवायू मिळेनासा झाला, की हे जंतू नायट्रेटमधला प्राणवायू काढून घेतात आणि उरलेला नत्र वायुरूपाने आकाशात सोडून देतात. आपल्या भोवतालच्या हवेत सुमारे ७८ टक्के नत्रच आहे. त्यात तो निमूट मिसळून जातो. पण या तिसऱ्या जंतूंना श्वासाला जसे नायट्रेट लागते, तसे पोटाला सेंद्रिय द्रव्य लागते. सगळी मेख इथे आहे. मैलापाण्याला आधी भरपूर हवा देऊन त्यातील सेंद्रिय द्रव्य संपविले, मग अमोनियाचे नायट्रेट केले, आणि शेवटी या जंतूंना कामाला लावले, तर त्यांच्यासाठी पानात काही उरलेलेच नसते. पंगत उठल्यावर पाहुणे बोलावण्यासारखे हे आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन शहराच्या ब्लू प्लेन्स केंद्रात नेमकी ही उणीव भरून काढण्यासाठी मिथेनॉल विकत घेऊन जंतूंना घालावे लागते. घरचे अन्न जाळून बाजारातून डबा आणण्याचा प्रकार!

यावरचा उपाय साधा आहे, आणि साध्या उपायांना नेहमी लागतो तसा सुचायला वेळ लागला. १९६२ साली लुडझॅक आणि एटिंगर या अमेरिकन संशोधकांनी टाक्यांचा क्रम उलटा केला. हवा बंद असलेली टाकी त्यांनी आधी ठेवली. ताजे मैलापाणी आपल्या अन्नासह प्रथम तिथे येते, आणि मागच्या हवेच्या टाकीतून नायट्रेट झालेले पाणी उलटे फिरवून तिथेच आणले जाते. अन्न आणि नायट्रेट यांची गाठ अशी पडते. पुढे दक्षिण आफ्रिकेत बर्नार्ड यांनी १९७० च्या दशकात हे उलटे अभिसरण पंपांनी बांधून अधिक नेटके केले. अलीकडे एकाच टाकीत आळीपाळीने हवा चालू-बंद करूनही हेच साधतात. पद्धत कोणतीही असो, तिचे सूत्र एक: सेंद्रिय द्रव्य ही नुसती घाण नव्हे, नत्र काढण्याचे ते भांडवल आहे. ते उधळायचे नाही, क्रमाने खर्च करायचे.

यात खर्चाचाही एक मुद्दा दडला आहे, आणि ‘आपल्याला परवडणार नाही’ असे म्हणणाऱ्यांसाठी तो आम्ही मुद्दाम मांडतो. एक किलो नत्र अमोनियातून नायट्रेटमध्ये जाताना सुमारे साडेचार किलो प्राणवायू लागतो. तो प्राणवायू म्हणजे पंपांची वीज. परंतु त्याच नायट्रेटचा पुढे नत्रवायू केला, तर जंतू त्या प्राणवायूतील पावणेतीन किलोंहून थोडा अधिक भाग सेंद्रिय द्रव्य पचविण्यासाठी वापरतात आणि तेवढी हवा कमी भरावी लागते. पाण्याची क्षारताही अर्ध्याने परत येते. अर्थात अर्ध्यावर थांबणारा दुहेरी नुकसान करतो: वीजही जाते आणि नत्रही राहतो. शिवाय टाकीतील हवेचे नियंत्रण बिघडले, तर नत्रवायूऐवजी नायट्रस ऑक्साइड निघतो आणि तो हवा तापविण्यात कार्बन डायॉक्साइडच्या सुमारे पावणेतीनशे पट वरचढ. म्हणजे यंत्र बसविणे ही सुरुवात झाली. खरी कसोटी रोज रात्री पाळीवर असणाऱ्या माणसाची आहे.

कोणी म्हणेल, नत्र आकाशात उधळण्यापेक्षा तो शेतात का जाऊ नये? प्रश्न रास्त आहे, आणि जुना आहे. १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी आजच्या मैलापाणी शुद्धीकरणाचा पाया घातला, त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर हे १९१६ मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत आले, आणि १९३४ साली त्यांनी नत्र राखून ठेवण्याच्या जीवरसायनावर ग्रंथच लिहिला. मानखुर्दच्या शेजारी चेंबूरला हा विरोध तर डोळ्यांसमोर उभा आहे. १९६५ पासून तेथील खतकारखाना प्रचंड उष्णता आणि दाब वापरून हवेतला नत्र पकडतो आणि त्याचे खत करतो. ते खत शेतात जाते, शेतातले धान्य मुंबईत येते, आणि मुंबईतला नत्र मैलापाण्यावाटे खाडीत जातो. हाच कारखाना, म्हणजे आजचे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स, महापालिकेचे मैलापाणी शुद्ध करून आपल्या कामाला वापरतो, हेही नमूद केले पाहिजे. शेताला परत देणे हा उत्तम मार्ग खरा. पण ज्या शहराच्या मैलापाण्यात कारखान्यांचे पाणी मिसळते आणि ज्याची शेते डोंगरापलीकडे आहेत, त्याने निदान मधला मार्ग धरावा. खाडीत सोडणे हा सर्वांत वाईट.

मग रोहित पक्ष्यांचे काय? मैलापाण्यातील नत्र आणि स्फुरद यांवर वाढलेले शेवाळ हेच त्यांना ओढून आणते, असे अनेक अभ्यासक मानतात. २०१५ साली खाडीच्या या पट्ट्याला रोहित पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये ती रामसर यादीत गेली. पाणी शुद्ध झाले तर पक्षी जातील, ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण घाण राखून पक्षी पोसा, हा काही त्यावरचा तोडगा नव्हे. ज्या पाण्यात शेवाळ वाढते, त्यातच प्राणवायू संपला तर शेवटी पक्ष्यांनाही खाद्य उरणार नाही. नत्र टप्प्याटप्प्याने उतरवावा, आणि पाण्याच्या नमुन्यांबरोबर पक्ष्यांचीही शिरगणती दरवर्षी व्हावी. दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले, की वाद आपोआप ठिकाणावर येईल.

मात्र घाटकोपरचे केंद्र कितीही उत्तम चालले, तरी मानखुर्दचा प्रश्न त्याने सुटेलच असे नाही. देवनारच्या कचराभूमीवर १९२७ पासून कचरा पडत आला. जुन्या कचऱ्यातून झिरपणाऱ्या पाण्यात अमोनिया पुष्कळ असतो आणि जंतूंना पचेल असे सेंद्रिय द्रव्य थोडे. म्हणजे नत्र आहे आणि तो काढणाऱ्यांना शिधा नाही. जवळच १९७१ पासूनचा देवनारचा कत्तलखाना. रक्तमांसाच्या सांडपाण्यात नत्र आणि सेंद्रिय द्रव्य दोन्ही रेलचेलीने. ही दोन पाणी वेगवेगळ्या खात्यांच्या वेगवेगळ्या फायलींत न ठेवता त्यांचा विचार एकत्र करता येईल का, हे कोणा अभियंत्याने बसून पाहावे. कचराभूमीच्या पाण्यात जड धातूही असू शकतात, तेव्हा काम जपून करावे लागेल. पण पाहायला तर हरकत नाही.

आणि सर्वांत मोठी गोष्ट माणसांची. २००९ च्या मुंबई मानवी विकास अहवालात शहराच्या चोवीस विभागांत एम-पूर्व विभाग ०.०५ इतक्या निर्देशांकासह सर्वांत तळाला होता. मानखुर्द, गोवंडी, देवनार हे सारे त्यात येतात. येथील किती तरी वस्त्यांचा मैला भूमिगत नळांत जात नाही. सार्वजनिक शौचालयांच्या टाक्यांत साठतो, आणि भरून वाहिला की नाल्यात. अशा टाकीला मुंबई अनोळखी नाही. १८९७ साली माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्याच्या टाकीतला वायू धरून त्यावर इंजिन चालविले गेले होते, आणि जगात त्याची नोंद झाली. पण त्या प्रयोगातही जे वायुरूपाने निघाले ते सेंद्रिय द्रव्यातले कर्ब. नत्र मागल्या पाण्यात अमोनिया होऊन राहिला. आजच्या टाक्यांतही तेच होते. जंतूंचे अन्न टाकीच्या तळाशी बसते किंवा वायू होऊन उडून जाते, आणि अन्नावाचूनचा अमोनिया नाल्याने खाडीची वाट धरतो. तो उद्या केंद्रापर्यंत आणला, तरी त्याला काढणे जड जाईल. ताज्या मैलापाण्याला नळ मिळाला, तर नत्राबरोबर त्याचे औषधही त्याच नळातून केंद्रात पोचेल.

म्हणून महापालिकेकडे आमचे दोनच मागणे आहे. प्रत्येक नव्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातील एकूण नत्राचा आकडा, बीओडीच्या आकड्याशेजारी, त्या त्या दिवशी जाहीर व्हावा. महिन्याची सरासरी नको, कारण सरासरीत वाईट रात्री बुडून जातात. आणि मानखुर्द-गोवंडीतील किती घरे, कोणत्या वस्त्या, कोणत्या वर्षापर्यंत घाटकोपरच्या नळाला जोडल्या जाणार, याची वस्तीवार यादी एम-पूर्व विभागाच्या कार्यालयाबाहेर, मराठीत, ज्यांच्या दारातून नाला वाहतो त्यांना वाचता येईल अशा अक्षरांत लावली जावी.